वेल संपते तिथे

किनाऱ्याची रेघ नेमकी कुठे काढायची, यावरून त्या ऑफिसात कधीकाळी चांगली भांडणं झाली असणार. ती नोकरीला लागली तोवर त्या भांडणांचा नियम होऊन बसला होता. पाण्याचा भरवसा नाही, ते दिवसातून दोनदा जागा बदलतं. ओल्या वाळूचाही नाही. आणि जुन्या हवाई फोटोंत तर ओलं काय नि कोरडं काय, सगळं सारखंच पांढरं. त्यांत स्पष्ट दिसतो तो झाडोरा. म्हणून नियम असा, की पुळणीवर पसरलेली मर्यादवेल समुद्राच्या बाजूला जिथे संपते तिथे रेघ. जुन्या फोटोतही तिथेच आणि नव्या फोटोतही तिथेच. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे समुद्रानं खाल्लेली किंवा परत आणून टाकलेली जमीन.

या नियमाला आजवर कुणी हात लावला नव्हता. वाळू हलती असली तर वेल टिकत नाही, टिकली म्हणजे वाळू जागेवर आहे, असं सगळेच धरून चालत. तीही चालत आली होती.

नकाशा होता एका लांबोळक्या बेटाचा. मुख्य किनाऱ्याला समांतर पसरलेली वाळूची पट्टी, एका अंगाला उघडा समुद्र, दुसऱ्या अंगाला संथ खाडी, भरतीचं पाणी शिरणारं चिखलाचं खाजण आणि खारफुटी. किनारा किती सरकला आणि वाळूखाली कुठले थर आहेत, हे दोन भाग तिच्याकडे होते. तिसरा भाग, म्हणजे पाणथळ जागा, तिच्या शेजारच्या टेबलावर. तिथे बसणाऱ्या मुलाला सगळं ऑफिस चिखल्या म्हणायचं. वर्षातले निम्मे दिवस तो गुडघाभर गाळात असायचा आणि उरलेले निम्मे, खारफुटी म्हणजे नुसती झाडी नव्हे, हे लोकांना समजावण्यात जायचे.

यावेळच्या नकाशावरून प्रशासन बेटावर एक लाल पट्टा आखणार होतं. पट्ट्यातली घरं पुढच्या वादळी मोसमाच्या आत रिकामी करायची, पाडायची, आणि माणसांना खाडीपलीकडच्या वसाहतीत खोल्या द्यायच्या. पट्ट्याबाहेरची घरं हिरवी. ती आहेत तशी राहतील.

बेटाच्या दक्षिण टोकाला समुद्राकडे तोंड करून घरांची एक रांग होती. त्या रांगेत शेवटून दुसरं घर तिच्या आईचं होतं.

नकाशाचं काम वाटून देताना मोठ्या मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावून विचारलं होतं, "दक्षिणेचा तुकडा दुसऱ्या कुणाला देऊ का?"

"कुणीही काढली तरी रेघ तिथेच येईल," ती म्हणाली होती. तेव्हा तिला ते खरंच वाटत होतं.

बाबांना जाऊन पाच-सहा महिने झाले होते. फोन आला तेव्हा ती दुसऱ्याच एका किनाऱ्यावर उंची मोजत होती. तिनं ते मोजमाप पुरं केलं, मोजपट्टी मिटली, स्क्रूमध्ये अडकलेली वाळू फुंकून काढली आणि मग गाडीत बसली. नंतर पुष्कळांनी सांगितलं, रडून घे, मोकळी हो. तिनं एकदोनदा मनापासून प्रयत्नही करून पाहिला. वीज गेलेल्या खोलीत बटण दाबून बघावं तसं झालं. बटण खालीवर होत होतं, दिवा लागत नव्हता. मग तिनं नाद सोडला. भूक लागत होती, झोप येत होती, काम होत होतं. एकदा बाजारात बाबांच्या मापाचे सँडल दिसले. तळ चांगला जाड आहे, असं तिच्या मनात आलं, आणि ती पुढे गेली.

दक्षिणेच्या तुकड्याकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते चिखल्याचं.

"ताई, जरा इकडे या. हा तुकडा कुणी पट्टीनं आखलाय का?"

तिनं स्क्रीनवर पाहिलं. बेटाची समुद्राकडची कड कुरतडलेल्या बिस्किटासारखी आत गेली होती, उत्तरेपासून थेट दक्षिणेपर्यंत. फक्त एका जागी ती रेघ होती तिथेच, ताठ आणि सरळ उभी होती. तो तुकडा संपला की पुन्हा आत.

"इथे खाल्लं, तिथे खाल्लं, मध्येच उपास," चिखल्या म्हणाला. "तुमचा समुद्र माणसं बघून वागतो का हो?"

"खाली काहीतरी घट्ट असेल. जुना खडक, नाहीतर कडक माती."

"असेल म्हणजे? तुम्हालाच ठाऊक नाही?"

"म्हणून तर जायचं बघायला."

"तुमच्याच घरासमोर ना ते?" त्यानं विचारलं आणि मान डोलावली. "मग जेवणाचं पक्कं. गिरमिट मी उचलतो."

गिरमिट म्हणजे हातानं फिरवत जमिनीत घालायचा लांब पोकळ दांडा. तो वर ओढला की वाळूचे थर जसेच्या तसे बाहेर येतात. तो उचलायला चिखल्या सहसा तयार नसे.

फेरीबोटीत ती नेहमीप्रमाणे इंजिनाच्या बाजूच्या बाकावर बसली. बाबा या बोटीचे मेकॅनिक होते, निवृत्त होईपर्यंत. इंजिनाचा आवाज ऐकूनच ते सांगायचे, हिला आज सर्दी झालीय. शाळेत असताना तिनं त्यांना एकदा समजावलं होतं, की हे बेट एका जागी नाही. लाटा समोरची वाळू उचलून मागे खाजणावर टाकतात, समोरचं संपतं, मागचं वाढतं, असं करत बेट हळूहळू मुख्य किनाऱ्याकडे सरकतं. बाबांनी घास हातात धरून विचार केला होता. "म्हणजे बेट चाललंय आणि आपण फुकट बसलोय? तिकीट कोण फाडतं मग?"

ओहोटी होती. चिखल्यानं ड्रोन वर सोडला आणि मान वर करून त्याच्यामागे चालू लागला. ती रांगेसमोरच्या पुळणीवर उतरली. वेल दाट होती, पानं जाड आणि चकचकीत, मधूनमधून जांभळी फुलं. नियमाप्रमाणे बघितलं तर इथली वाळू वर्षानुवर्षं हललेलीच नव्हती.

तिनं वेलीमध्येच गिरमिट लावलं. खडक लागेल अशी तिची अटकळ होती. वाळू आली, मग वाळूच आली, आणि कोपरभर खोलीवर दांडा एकदम सुळकन आत गेला. तिनं तो ओढून काढला. टोकाला काळा, चकाकणारा, कुजक्या वासाचा गाळ होता आणि त्यात मुळांचे तंतू.

"ताई!" चिखल्या खालून ओरडला. "अहो, इथे या आधी!"

परवाच्या उधाणानं पुळणीचा खालचा भाग खरवडून नेला होता. तिथे वाळूतून एक काळी लादी उघडी पडली होती, पावलाला रबरासारखी लागणारी, आणि तिच्यातून खारफुटीच्या श्वासमुळांचे कुजलेले खुंट वर आले होते. चिखल्या त्यांच्यात गुडघ्यांवर बसला होता, हरवलेली वस्तू सापडल्यासारखा.

"हे माझं आहे," तो म्हणाला. "हे खाजण आहे. माझं खाजण तुमच्या बाजूला काय करतंय?"

"ते आलं नाही इकडे," ती म्हणाली. "ते होतं तिथेच आहे. बेट त्याच्यावरून गेलं."

त्याला कळायला क्षणभर लागलं. मग त्यानं बेटाच्या पलीकडच्या अंगाला, खाडीकडे पाहिलं, आणि पुन्हा समोरच्या समुद्राकडे. "म्हणजे जे आता मागे आहे ते एकदा..."

"हो. ही जागा खाडीच्या बाजूला होती. सगळं बेट हिच्या डोक्यावरून मागे सरकलंय. इथेही."

इथेही हा शब्द तिचा तिलाच ऐकू आला. खाली खडक नव्हता, कडक माती नव्हती. समुद्रानं बाकी ठिकाणी जे केलं होतं तेच इथेही केलं होतं. मग वेल इथे असायला नको होती.

चिखल्या गाळाचे फोटो काढत राहिला आणि ती वर, वेलीकडे गेली. तिनं एक लांब फांदी उचलली. फांदी थोडी वर आली आणि अडकली. पानं बाजूला केली तर खोक्याच्या फळीची एक खुंटी वाळूत ठोकलेली होती आणि फांदी तिला हिरव्या नायलॉनच्या दोरीनं बांधलेली होती. पुढे दोन हातांवर दुसरी खुंटी. मग तिसरी. खुंट्यांची ओळ घरांच्या रांगेला धरून चालली होती, पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत.

दोरीची गाठ बोटीवरची होती. दोन वेढे, मग टोक उलटं आत. बाबा सगळ्याला हीच गाठ मारत. तिच्या दप्तराच्या पट्ट्याला, आईच्या चष्म्याच्या काडीला, आणि अलीकडे घरात. आईची नजर गेली काही वर्षं विझत चालली होती. पलंगापासून दारापर्यंत, दारापासून मोरीपर्यंत, मोरीपासून मागच्या नळापर्यंत बाबांनी कमरेच्या उंचीवर हीच हिरवी दोरी लावून दिली होती. आई तिला बोटं लावून घरभर अशी फिरायची, की नव्या माणसाला संशयसुद्धा येऊ नये.

आता काळजात चर्र होईल, असं तिला वाटलं. ती वाट बघत उभी राहिली. काही झालं नाही. मग तिनं खिशातलं जीपीएस काढलं आणि खुंट्यांच्या दोन्ही टोकांच्या जागा टिपल्या. पानं पुन्हा होती तशी पसरून ठेवली. चिखल्यानं पाहिलं नव्हतं.

जेवायला दोघं गेले तेव्हा आई दारात उभी होती. पावलांवरून तिनं ओळखलं.

"हा कोण, गाळ घेऊन आलेला? वासावरून तर खाडीच घरात शिरल्यासारखं वाटतंय."

"काकू, मी चिखल्या."

"नावही साजेसं ठेवलंय लोकांनी. एवढा मोठा होऊन चिखलात खेळायचा पगार देतात तुला?"

"देतात ना. साबण तेवढा घरचा लागतो."

आई हसली. बाबा गेल्यावर थांबलेलं हसू आईच्या घरी पुन्हा ऐकू यायला लागलं होतं, हेही तिनं नोंदल्यासारखं लक्षात घेतलं. आईनं भात वाढला, मासे वाढले, कुणाच्या ताटात काय संपलंय ते चमच्याच्या आवाजावरून ओळखून पुन्हा वाढलं. चिखल्यानं तीनदा नको म्हटलं आणि तीनदा खाल्लं. मग तो मागच्या खाजणात खुणा रोवायला गेला.

मोरीपाशी आई भांडी घासत होती. ती शेजारी उभी राहून विसळत होती.

"आई, समोरची वेल बाबांनी लावली?"

"उगवते ती."

"खुंट्या ठोकून उगवते?"

आईचा हात पातेल्यात फिरायचा थांबला नाही. "बघितलंस तर."

"कधीपासून?"

"उत्तरेकडची घरं गेली ना, तेव्हापासून."

उत्तरेकडची दोन घरं मागच्या मोठ्या वादळात गेली होती. त्याआधीच्या नकाशात ती हिरवी होती. त्यांतल्या एका घरातल्या आजोबांना छपरावरून बोटीत घेतलं. आजींना नाही.

"तूच सांगितलंस त्यांना," आई म्हणाली. "इथेच जेवायला बसला होतात. ते म्हणाले, तुम्ही लोक ही हिरवी-लाल भानगड ठरवता कशी? तू म्हणालीस, वेल संपते तिथे रेघ, आणि रेघेपासून मागे मोजायचं. ते म्हणाले, एवढंच? मी तेव्हाच ओळखलं की आता ह्यांच्या डोक्यात काहीतरी शिरलं. दुसऱ्या दिवसापासून बादली घेऊन सुरू. उधाण आलं की निम्मी वेल वाहून जायची, हे पुन्हा लावायचे. शेजारची काकू म्हणायची, भाऊंना बागेचा छंद लागला. मी म्हणायचे, हो, लागलाय."

"म्हणजे नकाशाला फसवत होते."

"फसवत कशाला असतील? घर राखत होते. आपण दाराला कडी लावतो ती काय चोराला फसवायला?" आईनं पातेलं तिच्या हातात दिलं. "वाळू थांबत होती ना त्यानं?"

"वरवरची."

"मग वरवरची तर वरवरची. तेवढी तरी कोण थांबवतंय?"

तिनं पातेलं विसळलं. नळाचं पाणी हातावरून जात होतं. गार आहे की कोमट, ते तिला सांगता आलं नसतं.

"आणखी कुणाला कळलंय?" आईनं विचारलं.

"नाही."

"त्या पोराला?"

"तो गाळच बघत होता."

"मग झालं तर." आईनं हात पुसले. दोरीला बोट लावलं, पण ती कुठे गेली नाही. "ठमे, मला पलीकडे खोली नको. इथे मी डोळे मिटून वावरते. मिटले काय, उघडे काय, एकच. तिथे मला मोरी कुठे आहे ते विचारत बसावं लागेल. या वयात मला कुणी हाताला धरून मोरीत न्यायला नकोय."

लहानपणापासून आई तिला ठमी म्हणायची. रागात आणि विनवणीत मात्र ठमे.

"बघते," ती म्हणाली.

"बघते म्हणजे नाही. तुझं 'बघते' मी काय आज ओळखते?"

परतीच्या बोटीत चिखल्या एकटाच बोलत होता. खारफुटीचे खुंट तारीख काढायला प्रयोगशाळेत पाठवू, मोठ्या मॅडम खूश होतील, आपल्या दोघांचं नाव लागेल. मग म्हणाला, "पण एक सांगा, खाली माझं खाजण आणि वर तुमची ठणठणीत वेल, हे जमलं कसं? नियम काय सांगतो?"

"नियम सांगतो, वेल संपते तिथे रेघ."

"मग हिरवं?"

ती पाण्याकडे बघत होती. तिनं काहीच केलं नसतं तरी चाललं असतं. हा तुकडा तिनं काढला काय नि आणखी कुणी काढला काय, नियम पाळला की घर हिरवंच राहत होतं. खोटं असं काही बोलावं लागत नव्हतं. गप्प बसलं की पुरे होतं. आणि गप्प बसणं तिला या महिन्यांत चांगलं जमायला लागलं होतं.

रांगेत आईशिवायही घरं होती. शेजारच्या काकूकडे तान्हं मूल होतं. शेवटच्या घरात बोटीचा नवा मेकॅनिक नुकताच संसार मांडून राहायला आला होता. बाबांनीच त्याला ती जागा सुचवली होती. खाली कोपरभर वाळू आणि मग गाळ. येत्या मोसमात बाबा बादली घेऊन बाहेर पडणार नव्हते. वेल वाहून गेली की ती घरं उघडी पडणार आणि नकाशावर हिरवीच राहणार, उत्तरेकडच्या दोन घरांसारखी. हे सगळं तिच्या डोक्यात गणितासारखं ओळीनं उतरत गेलं. कुठल्याही ओळीपाशी काही दुखलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती मोठ्या मॅडमच्या केबिनमध्ये गेली.

"दक्षिणेची रेघ मागे घ्यायला हवी. तिथली वेल नैसर्गिक नाही, लावलेली आहे."

मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. "कुणी लावली हे आपण बघत नाही. वेल आहे की नाही, एवढंच बघतो. उद्या प्रत्येक जण येऊन म्हणेल, आमची वेल खरी, शेजाऱ्याची खोटी."

"खाली खाजणाचा गाळ आहे. समोरही उघडा पडलाय. फोटो आहेत, नमुना आहे. सगळ्या वेलीला खुंट्या आहेत, त्यांच्या जागा मी घेतल्यात."

मॅडमनी फोटो पाहिले. हळूहळू, पुन्हा मागे जाऊन. "कुणी लावली पण? एवढी चिकाटी कुणाला?"

"माझ्या वडिलांनी."

बाहेर प्रिंटर चालू होता. मॅडमनी उठून केबिनचं दार लावून घेतलं.

"तुला कळतंय ना, तू बोलली नसतीस तर हा तुकडा हिरवा गेला असता? कुणी शंकासुद्धा घेतली नसती."

"हो."

"घरी जा. एक दिवस विचार कर, मग ये."

"नकाशा उद्या द्यायचाय."

"ते मला नको शिकवूस. तू बरी आहेस का, ते विचारतेय मी."

"बरी आहे," ती म्हणाली. ते खरं होतं की नाही, हे तिला तपासता येत नव्हतं, म्हणून तिनं पुढे काही जोडलं नाही.

रेघ तिनंच काढली. काळ्या लादीच्या कडेपासून सुरुवात करून, वेलीखालून, दोन्ही बाजूंच्या कुरतडलेल्या कडांना जोडत. माउसचं बटण वाजलं, एवढंच. रांगेतली सगळी घरं एकेक करून पट्ट्यात आली.

चिखल्या खुर्ची सरकवून जवळ आला. त्याला आता सगळं कळलं होतं. तो म्हणाला, "वेल नकाशातून काढून टाकायची का? की राहू दे?"

"राहू दे. आहे ना ती तिथे."

"मग रंगसूचीत काय लिहू? आपल्याकडे 'मर्यादवेल' एवढंच आहे."

तिनं स्वतःच नवी ओळ घातली. 'मर्यादवेल, लागवड.' सगळ्या बेटावर तो रंग एकाच जागी येणार होता, नखाएवढा.

"कुठला रंग?"

"हिरवाच दे. थोडा फिका."

खाली एक रकाना होता, लागवड कुणी केली याचा. तिनं लिहिलं, 'स्थानिक रहिवासी, हयात नाहीत.' वाचलं. स्वल्पविराम आणि पुढचे दोन शब्द खोडले. तेवढ्यावर नकाशा गेला.

आईला सांगायला ती बेटावर गेली तेव्हा आई दारातच बसली होती. तिनं सगळं सांगितलं, रेघ कुठून कुठे गेली तेही. आईनं ऐकून घेतलं.

"काकूकडे जाऊन तूच सांग," आई म्हणाली. "मी नाही सांगणार. माझ्या घरातून बातमी गेली असं नको व्हायला."

"माझंही घर आहेच की हे."

"होतं," आई म्हणाली, आणि दोरीला बोट लावून आत गेली.

काकूनं दार लावून घेतलं. नव्या मेकॅनिकची बायको मात्र तिच्या मागोमाग पायरी उतरून आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "बरं झालं. उधाण आलं की मला झोप लागत नाही. ह्यांना सांगू नका मी असं म्हटलं."

पलीकडची खोली तिसऱ्या मजल्यावर मिळाली. पांढऱ्या भिंती, गुळगुळीत फरशी, खिडकीतून दुसऱ्या इमारतीची खिडकी. सामान आलं त्या दुपारी आई मधोमध एका ट्रंकेवर बसून राहिली. हात मांडीवर, जसा कुणाच्या तरी बोलावण्याची वाट बघत माणूस दवाखान्यात बसतो. आई तिच्याशी कामापुरतं बोलत होती. किल्ली कुठे आहे. पाणी किती वाजता येतं. त्यापलीकडे नाही.

ती पिशवीतून हिरव्या दोरीची गुंडाळी काढून पलंगापाशी आली. घरातल्या दोरीचे सामान हलवताना हमालांनी कापून तुकडे केले होते. ही जुन्या घरासमोरच्या पुळणीवरची. घर पाडायच्या आदल्या दिवशी ती एकटीच जाऊन बसली होती आणि वेलीवरून, एकेक खुंटी करत, दोरी सोडवून घेतली होती. गाठी खाऱ्या पाण्यानं आवळलेल्या होत्या. तरी तिनं एकही कापली नव्हती.

तिनं भिंतीत आकडे ठोकले. पलंगापासून दारापर्यंत, दारापासून मोरीपर्यंत. दोरी ताणली. तिच्या पिळातून वाळू फरशीवर पडत होती, बारीक, गोल, सगळीकडे सारख्या मापाची. समुद्राकडची. तिनं झाडू शोधला नाही.

पहिल्या आकड्याला तिनं गाठ मारली. दोन वेढे, टोक उलटं आत.

आई आवाज ऐकून ट्रंकेवरून उठली. हात पुढे करत आली आणि तिला दोरी लागली. तिची बोटं दोरीवरून सरकत गाठीपर्यंत गेली आणि तिथे थांबली. वरून फिरली, खालून फिरली. आईनं गाठीला एक हिसडा दिला आणि गाठ सुटून हातात आली.

"टोक उलटं घालायचं," आई म्हणाली. "तू सरळ घातलंस."

"उलटंच घातलं होतं."

"तुझ्या बाजूनं उलटं. आकड्याच्या बाजूनं नाही." आईनं दोरीचं टोक तिच्या हातात दिलं आणि तिचा हात धरून आकड्यापर्यंत नेला. आईची बोटं गार होती. ते तिला कळलं. "हं. पुन्हा मार. आणि आवळून मार, मला हिच्या भरवशावर मोरीत जायचंय."

तिनं पुन्हा वेढा घातला.